एकसष्ट मीटरवर अडलेला गोळा

टोळीतली सगळी माणसं तिला वहिनी म्हणायची, आणि त्याला कारण तिचा नवरा. तो खोदाईचं मशीन चालवायचा. वीस वर्षांपूर्वी तो डबा घरी विसरला, म्हणून ती घेऊन आली आणि चराच्या कडेला उभी राहून सहज म्हणाली, की ह्याच्या मधे पोट सुटलंय, पाणी साचेल. चारदोन जण हसले. तेव्हाचा म्हातारा मुकादम मात्र हसला नाही. त्याने पाण्याची नळी लावून पातळी बघितली, तर चराला खरंच मधोमध पोट सुटलेलं. म्हाताऱ्याने तिला दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं, आणि तो निवृत्त झाल्यावर तिची मुकादम म्हणून नेमणूक झाली. तेव्हापासून नवरा दिवसा तिचं ऐकायचा आणि संध्याकाळीही तिचंच ऐकायचा. फरक एवढाच, की दिवसाच्या ऐकण्याची हजेरी लागायची.

काम जमिनीखालचं. टेलिफोनच्या, इंटरनेटच्या तारा नंतर कोणीतरी दुसरेच येऊन ओढायचे. ह्या टोळीने आधी त्यांच्यासाठी वाट करून ठेवायची. चर खणायचा, तळाला वाळू पसरायची, त्यावर नारिंगी पाइप मांडायचा, जोडावर जोड देत पुढे न्यायचा. वर पुन्हा वाळू, मग माती, आणि मातीत पिवळी पट्टी, म्हणजे उद्या कोणी कुदळ घेऊन आलाच तर त्याला आधी पट्टी दिसावी. दर दीडशे मीटरवर चेंबर, म्हणजे आत उकिडवं बसून काम करता येईल एवढी काँक्रीटची पेटी, वर लोखंडी झाकण.

वहिनीचे नियम दोनच होते. पहिला, पाइप जोडाच्या नळकांड्यात घालण्याआधी, तो जिथवर आत जायला हवा तिथे पेनाने खूण करायची. खूण जोडाच्या काठाला टेकली की पाइप पुरता आत बसला. दुसरा, चरात उतरताना फोन वर ठेवायचा. ह्या दुसऱ्या नियमापायी तिने भल्याभल्यांची खरडपट्टी काढली होती.

तर ह्या वेळचा रस्ता होता दुतर्फा बसक्या घरांचा. त्यातल्या एका घरात एक म्हातारे घड्याळजी राहायचे. दुकान मुलाच्या हवाली करून ते मोकळे झाले होते, आणि डोळे अजून सुईसारखे तेज. काम सुरू झाल्याच्या पहिल्याच सकाळी त्यांनी फाटकाबाहेर खुर्ची टाकली, ती काम संपेपर्यंत हलली नाही. मशीनवाला किती वाजता आला, वाळूची गाडी किती उशिरा आली, कोण कितीदा पाणी प्यायला गेलं, सगळं त्यांना तोंडपाठ. टोळीला आधी त्यांचा वैताग आला, मग सवय झाली, आणि एक दिवस ते सर्दीने घरात बसले तर सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

तीन आठवड्यांत पाइप पुरून झाला, फूटपाथच्या फरशाही बसल्या. मग तरुण इंजिनीअर तपासणीला आला. तपासणी सोपी असते. पाइपच्या पोकळीपेक्षा जरासा लहान गोळा, मागे दोरी बांधून, एका चेंबरातून हवेच्या दाबाने सोडायचा. तो पलीकडच्या चेंबरात टुणकन पडला की पाइप पास.

गोळा पडला नाही. दोनदा सोडला, तिसऱ्यांदा दाब वाढवून सोडला. दोरी ओढून मापली, तर दर वेळी तेच, एकसष्ट मीटर.

इंजिनीअरने कपाळाला आठ्या घालून मत दिलं, की भरताना मशीनने दगडासकट माती लोटली असणार आणि पाइप चेपला असणार. वहिनीला ते लगेच पटलं. नवऱ्याचा हात जरा सैल, हे तिचं जुनं मत. मागच्या वर्षी त्याने एका बागेची कड कशी उडवली होती, तेही तिने तिथेच, सगळ्यांसमोर काढलं.

"ड्रायव्हरसाहेबांना घरी जायची घाई असते," ती म्हणाली, "त्याची ही फळं."

नवऱ्याने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली, आणि फावडं घेतलं.

एकसष्ट मीटर मोजले तर नेमकं घड्याळजींचं फाटक. पाइपाशेजारी मशीन चालवायची सोय नव्हती, म्हणून फरशा उचलून हातानेच खणायचं ठरलं. घड्याळजींनी खुर्ची दोन हात मागे घेतली, तेवढाच त्यांचा हातभार. पिवळी पट्टी लागली. मग माती, मग वाळू. वहिनी स्वतः खाली उतरली आणि बोटांनी वाळू चाळू लागली. दगड सोडा, हरभऱ्याएवढा खडासुद्धा नव्हता. पाइप गोलच्या गोल, आणि वर एक जोड.

जोडाच्या काठाशी खूण नव्हती.

तिने दोन्हीकडून पाइप कापून जोड बाहेर काढला. पाइप आत तिरका बसला होता, आणि जोडातलं रबरी कडं दुमडून जिभेसारखं आत लोंबत होतं. त्यालाच गोळा अडत होता. टोळीतला प्रत्येक जण जोड बघत होता आणि प्रत्येक जण मनात आठवत होता, की हा आपला तर नव्हे.

वहिनीला आठवायला वेळ लागला नाही. त्या दिवशी टोळीतले दोघे सुटीवर होते, म्हणून ह्या फाटकासमोरचे जोड तिने स्वतः केले होते. आणि मधेच लेकीचा फोन आला होता. लेक परगावी, तिची मुलाखत होती, म्हणून नियम मोडून फोन खिशात ठेवला होता. नोकरी लागली, असं लेक सांगत होती. फोन कान आणि खांद्यात धरून, हसत हसत, तिने पाइप जोडात घातला होता.

"त्या मंगळवारी तुम्ही फार खुशीत होता बाई," घड्याळजी खुर्चीतून म्हणाले. त्यांना टोचायचं नव्हतं, ते आपले आठवलं ते सांगत होते.

वहिनीचे कान तापले. चरातून वर चढायला कोणाचा तरी हात लागायचा, तो नवऱ्याने दिला. वर आल्यावर तिने त्याचा हात सोडला नाही.

"जोड माझा आहे," ती इंजिनीअरला म्हणाली. "खूण न करता घातला, फोनवर बोलत घातला. ह्यांच्या भरावात काही खोट नाही. चारचौघांत बोलले, म्हणून चारचौघांतच मागे घेते. चुकलं माझं."

आरोप ऐकताना जो माणूस जागचा हलला नव्हता, तो आता मात्र पार अवघडून गेला. त्याने तोंड फिरवलं आणि मशीनचं तेल बघायला लागला, जे सकाळीच बघून झालं होतं. इंजिनीअर म्हणाला, अहवालात नुसतं "जोड सदोष" लिहितो, नाव कशाला. वहिनी म्हणाली, नाव लिहा, नाहीतर सहा जणांवर संशय राहील. त्याने लिहिलं.

नवा जोड बसवला, खुणेसकट. चौथ्यांदा सोडलेला गोळा पलीकडच्या चेंबरात असा आदळला, की तिथे वाकून बसलेला माणूस दचकून झाकणाच्या चौकटीला डोकं आपटून वर आला.

घरी जाताना तिने नवऱ्याला विचारलं, "तुम्ही मशीनवरून बघितलं होतं ना, मी फोनवर बोलत होते ते?"

"बघितलं होतं."

"मग बोलला का नाही?"

"त्यानेच जोड बिघडला, ह्याची खात्री नव्हती," तो म्हणाला. "खात्री नसताना दोघांनी कशाला बोलायचं?"

हे तिला चांगलंच झोंबलं. ते नवऱ्याच्या लक्षात आलं, म्हणून वाटेत थांबून त्याने तिला उसाचा रस पाजला.

मुकादमकी जाईल, असं तिने मनाशी धरलंच होतं. कंत्राटदाराचं बोलावणं आलं, तेव्हा ती इस्त्रीची साडी नेसून गेली, निदान जाताना तरी नीट दिसावं म्हणून. तिथे वेगळंच निघालं. कंत्राटदाराने तीन नव्या टोळ्या उभ्या केल्या होत्या आणि त्यांना जोडकाम शिकवायला माणूस हवा होता. अहवाल त्याने वाचला होता. स्वतःची चूक स्वतःच्या नावावर लिहून घेणारा माणूस आपल्याकडे एकच आहे, असं तो म्हणाला, आणि सोमवारपासून गोदामात यायला सांगितलं.

सोमवारी तिने तो जोड उभा चिरून टेबलावर ठेवला. दुमडलेलं कडं सगळ्यांच्या हातांतून फिरलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, की इतकं गचाळ काम कोणी केलं होतं.

"मी," वहिनी म्हणाली.

सगळे हसले, त्यांना वाटलं बाई गमत्या आहेत. तिने हसणं थांबू दिलं, सगळ्यांचे फोन एका बादलीत गोळा केले, आणि जेवणाच्या सुटीपर्यंत प्रत्येकाकडून चाळीस जोड करवून घेतले.