जारवाला पोरगा

ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. उभ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण भीती माणसाला काय काय करायला लावते, हे मला त्या एका प्रकरणाने दाखवलं.

कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सांगली जिल्ह्याच्या हद्दीतल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. डबा उघडून पहिला घास घेणार तोच ठाणे अंमलदार आत आला.

"साहेब, फोन आलाय. फाट्याच्या अलीकडं मोटारसायकलवाल्यानं एका पोरीवर ॲसिड टाकलंय. वडापच्या जीपमध्ये हुती."

वडाप म्हणजे मिळेल तिथे माणसं भरत जाणारी खासगी जीप. प्रवासी नेण्याचा परवाना नसतो, पण बस चुकली की आमच्या भागाला तिचाच आधार. डबा तसाच टाकून आम्ही निघालो.

आम्ही पोहोचलो तेव्हा मुलीला एका गाडीने कराडच्या दवाखान्यात हलवलं होतं. ती कराडला कॉलेजात शिकत होती, सुटीला घरी निघाली होती. रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल आडवी पडलेली. तिला पिण्याच्या पाण्याचा एक भरलेला जार बांधलेला, दुसरा रिकामा होऊन रस्त्यावर लोळत होता. शेजारी अर्धी जळालेली ओढणी. जीपचा ड्रायव्हर हातवारे करून जमलेल्या लोकांना सांगत होता.

"मागनं आला, खिडकीपाशी आला आन् जार उपडा केला. पोरगी जी वरडली म्हनता! आमी धरायला गेलो तर मक्यात पळाला."

जीपमधले चौघे उतारू तेच सांगत होते. जार उलटा करताना आम्ही डोळ्यांनी बघितलं, असं प्रत्येकजण म्हणाला. माझा अनुभव असा की, एकाने ठामपणे सांगितलं की बाकीच्यांनाही तसंच दिसायला लागतं. पण जार त्यांनी पाहिला होता, यात खोटं काही नव्हतं. मी पंचनामा केला, दोन्ही जार मुद्देमालात घेतले, ड्रायव्हरला जीप ठाण्यावर आणायला सांगितलं. उतारूंना सोडून येतो म्हणाला.

माझा पंचनामा पुरा व्हायच्या आत मोबाइलवर त्या मोटारसायकलवाल्या, घरोघर पाण्याचे जार पोचवणाऱ्या पोराचा फोटो, बापाचं नाव आणि धर्म सगळं फिरून आलं होतं. बाप गाद्या करायचा. तीन पिढ्या त्याच बाजारपेठेत, त्याच गाळ्यात. आसपासच्या बहुतेक घरांतल्या लग्नाच्या गाद्या त्यानेच केलेल्या. त्या गाळ्याच्या शटरवर दगड पडले. पेठेतली दुकानं एकामागून एक बंद झाली आणि ठाण्याच्या फाटकाबाहेर माणसं जमू लागली. माझ्याकडे हजर होते मोजकेच शिपाई. जादा कुमक मागवली, ती यायला वेळ होता.

तेवढ्यात मागच्या बाजूने, पोलीस वसाहतीच्या बोळातून, तो गादीवाला पोराला घेऊन आला. पोराच्या दोन्ही हातांना ओलं फडकं गुंडाळलेलं. बाप माझ्या पायाशीच बसला.

"साहेब, ह्याला कोठडीत टाका. लय उपकार हुतील. बाहेर ठिवू नका."

आपल्या पोराला आत टाका म्हणून कुणी हात जोडलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मी दोघांनाही आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

फडकं सोडलं. बोटांची कातडी पिवळी पडून सोलली होती. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. ॲसिड टाकणाऱ्याच्या हातावर ॲसिड सांडणार, हे कुणीही म्हणेल. बाहेर एक पुढारी तेच ओरडून सांगत होते, "कर नाही त्याला डर कशाला? मग पळाला का?"

मी पोराला पाणी दिलं आणि विचारलं, "पळालास का?"

"ती जीपमधनं खाली उतरून वरडत हुती. ओढणी तोंडाला चिकटल्याली. मी ती वढली, तवा हाताला चटका बसला. मग जारचं झाकण काढून पानी तिच्यावर वतलं. डायवर म्हनला, ह्यानंच टाकलं. लोकं माझ्याकडं यायला लागली. मी काय सांगनार?"

"तिला ओळखतोस?"

"न्हाई, साहेब."

तो थरथरत होता. खोटं बोलणाराही असाच थरथरतो. नुसत्या थरथरण्यावरून खरं-खोटं ओळखतो म्हणणारा अधिकारी एक तर नवखा असतो नाही तर बढाईखोर. माझ्यासमोर प्रश्न सरळ होता. ॲसिड हल्ल्याचं कलम म्हणजे दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. ते या पोराला लावलं तर त्याचं आयुष्य गेलं. आणि न लावता सोडला, तर ते फाटकाबाहेरच जाणार होतं. 

त्याच्यावर उपचार सुरू करून, बंदोबस्त लावून मी महिला हवालदारासह कराड गाठलं. मुलीच्या चेहऱ्याची एक बाजू आणि खांदा पट्टीत होता. डॉक्टर म्हणाले, चिकटलेलं कापड वेळेत निघालं आणि लगेच भरपूर पाणी पडलं म्हणून डोळा वाचला. मी काही विचारलं की तिचा चुलता उत्तर द्यायचा. "तिला काय इचारताय, साहेब? सगळ्यांनी बघितलंय की." मी त्याला बाहेर काढलं.

"बाळ, काय झालं ते तू सांग."

चुलता खरंच बाहेर गेलाय ना, ते तिने दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "वरनं आलं."

"कुठून वरून?"

"टपावरनं. मी खिडकीला डोकं टेकलं हुतं. थेंब पडला, मला वाटलं पानीच हाय. मग धारच आली."

"आणि जार?"

ती रडायला लागली. "त्यातनं गार पानी आलं."

महिला हवालदाराने तिचा हात धरला. "मग घरच्यांना का सांगितलं नाहीस गं?"

"काय सांगू? परक्या पोरानं भर रस्त्यात माजी ओढणी काढली म्हनून? चुलतं मगापासनं इचारत्यात, तुज्यावरच का टाकलं, वळखीचा हुता का? त्यो चांगला हाय म्हनलं तर म्हनत्याल, बघा, वळखीचाच निघाला. माजं कॉलेज बंद करत्याल. लिवू नका, साहेब."

चेहरा जळालेली मुलगी वेदनेपेक्षा घरच्यांच्या प्रश्नांना जास्त भ्याली होती. मला तिचा राग आला नाही. मी तिला म्हणालो, "तुझा जबाब मला लिहावा लागेल. पण तुझ्या एकटीच्या शब्दावर मी हे सोडणार नाही. पुरावा मी शोधतो." जबाब लिहिला आणि परत फिरलो.

जीप ठाण्याच्या आवारात येऊन उभी होती. स्वच्छ धुतलेली. धुळीच्या रस्त्यावर रोज फेऱ्या मारणारी जीप, आणि नेमकी त्याच दिवशी धुवायची आठवण? मी मागच्या शिडीने टपावर चढलो. कॅरिअरला बांधलेली नायलॉनची दोरी नवी कोरी होती. अख्ख्या जीपमध्ये तेवढीच एक नवी वस्तू. आणि मुलीच्या खिडकीच्या बरोबर वर, टपाच्या कडेला रंग फुगून पोपडे सुटलेले, ओघळ खाली खिडकीपर्यंत गेलेला. मोटारसायकलवरून फेकलेलं ॲसिड टपावर चढून खाली येत नाही. पंच बोलावले, नमुने घेतले, फोटो काढले.

ड्रायव्हरला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. एकच विचारलं, "जुनी दोरी कुठाय?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "तुटली, साहेब."

"तुटली का विरघळली?"

तो खुर्चीतून खाली सरकला आणि त्याने डोकं धरलं. मग सगळं बाहेर आलं. जीपमधल्या आणखी एका उतारूचा कॅन टपावर होता. पोत्यात गुंडाळलेला. काय आहे विचारलं तर फिनेल म्हणाला. खड्ड्यात जीप आदळली, झाकण सैल होतं. मुलगी ओरडली तसा गोंधळात तो उतारू कॅन घेऊन पसार झाला, आणि याने त्याला जाऊ दिलं.

"जीप माझ्याच नावावर, आन् माणसं भरायचा परवाना न्हाई, साहेब. विमा कंपनी हात वर करनार. सगळी भरपाई माझ्या बोकांडी. घर जाईल, पोरं रस्त्यावर येतील. मोटारसायकलवाला समोर दिसला, तोंडातनं निघून गेलं."

"आणि तो पोरगा? त्याचं घर?"

त्यावर त्याने दोरीचंच सांगितलं. जुनी दोरी त्याने कॅनॉलच्या झुडपात टाकली होती. ती काढून दिली, जागोजागी खाल्लेली.

कॅनवाल्याचं गाव ड्रायव्हरला माहीत होतं, त्यामुळे शोधायला फार फिरावं लागलं नाही. आमच्या खानापूर भागातली किती तरी माणसं देशभर सोनं-चांदी गाळायचा धंदा करतात, त्याला गलाई म्हणतात. त्या कामाला नायट्रिक ॲसिड लागतं, कातडी पिवळी पाडतं ते हेच. हा त्यातलाच, गावी परतून छोटं काम सुरू करणारा. आम्हाला दारात बघून त्याने स्वतःच चपला पायात घातल्या. "पोरगी हाय का गेली?" एवढंच त्याने विचारलं. आहे म्हटल्यावर उंबऱ्यावर बसून तो हुंदके देऊ लागला.

मी फाटकावर येऊन गर्दीला सगळं सांगितलं.  मग माणसं पांगली. पुढारी फोन कानाला लावून गाडीत बसले. त्या बापाची कुणी माफी मागितली नाही.

लोकांना वाटतं, जखम झाली की एक गुन्हेगार आणि एक शिक्षा. तसं नसतं. तीच जखम कुणी ठरवून केली तर जन्मठेपेपर्यंतचं कलम लागतं. हलगर्जीपणाने झाली तर तेव्हाच्या कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षं. गलाईवाल्याला हलगर्जीपणाचं कलम लागलं. ड्रायव्हरवर खोटी माहिती देणं, पुरावा नष्ट करणं आणि बेकायदा वाहतूक. भरपाईचा दावा वेगळ्याच न्यायाधिकरणात गेला. तिथे विमा कंपनीने खरोखरच हात वर केले, आणि जबाबदारी शेवटी ड्रायव्हर आणि गलाईवाला या दोघांवर वाटली गेली. ज्या भीतीपोटी ड्रायव्हर खोटं बोलला, ती काही खोट्याने टळली नाही. उलट तुरुंगही वाट्याला आला.

मुलगी साक्षीला आली. चुलता मागच्या बाकावर बसला होता. सरकारी वकिलांनी विचारलं, तशी ती मोठ्या आवाजात म्हणाली, "त्यानं माझी ओढणी ओढून काढली, म्हणून मला आज दोन्ही डोळ्यांनी दिसतं." कॉलेज तिने पुरं केलं, हेही मला नंतर कळलं. साक्षीच्या त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

कोर्टाबाहेर तो पोरगा भेटला. साक्ष देऊन निघाला होता. दोन बोटं अजून पुरती मिटत नव्हती. मी त्याला चहा पाजला आणि, सवयीने, कायदा सांगितला: अपघातात मदत करणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे, पोलीस त्याला त्रास देऊ शकत नाहीत.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "कायदा बरुबर हाय, साहेब. पर त्या टायमाला त्यो तिथं नसतोय." मग कप खाली ठेवून म्हणाला, "मागल्या महिन्यात वळनावर एक बाई पडली हुती गाडीवरनं. रस्त्यावर दुसरं कोन नव्हतं. मी बघितलं."

"मग?"

"गाडी हळू केली. मग नेली तशीच."

त्या बाईचं पुढे काय झालं, हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याला दोष देऊ शकलो नाही. आजही गाडीवरून निघालेल्या माझ्या लेकीचा फोन लागला नाही, की मला ती गर्दी आठवत नाही, ते दगड आठवत नाहीत. त्या पोराने गाडी हळू केली आणि तशीच पुढे नेली, तेवढंच आठवतं, आणि फोन लागेपर्यंत मी दारातून आत येत नाही.