पहिलं की दुसरं

ही जाण्याच्या आदल्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर माझ्या मेव्हण्याच्या कॉम्प्युटरकडे पाठ करून दीड तास बसलो. ही पाटावर फणसाच्या आठळ्या सोलत होती, मी भिंतीला टेकून जांभया देत होतो. नवरा-बायकोनं शेवटच्या रविवारी हे करायचं असतं? पण हिच्या ह्या धाकट्या भावाइतका डोकं उठवणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा सापडायचा नाही, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगेन.

तो बोटीवर वायरमन होता. लोक बोटीवरून सुटताना सेंट आणतात, घड्याळ आणतात. ह्यानं सिंगापूरहून कॉम्प्युटर आणला. एकोणनव्वद सालची गोष्ट. मिरजोळ्याच्या कारखान्यांतसुद्धा तेव्हा ती वस्तू थंड खोलीत ठेवायचे आणि बूट काढून बघायचे. ह्याच्या घरी ती माजघरात, तांदळाच्या कणगीशेजारी, वर हिचं जुनं लुगडं घातलेलं. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "भावोजी, आधी ह्याचा गळा सुधारू दे." गळा म्हणजे त्या यंत्राचा. ते गायचं कसं, तर दारात खारीची शेपटी सापडावी तसं.

म्हणून त्याला साउंड कार्ड हवं झालं. वीतभर हिरवी पट्टी असते. ती यंत्राच्या पोटात खोचली की आवाज गोड होतो म्हणे. बोटीवरच्या दोस्तानं दोन आणून दिली आणि म्हणाला, एक ठेव, एक सवडीनं परत दे. त्या 'सवडीनं'नंच माझा घात केला. शहाणा माणूस बांगडा घेतो तेव्हा कल्ला उचलून बघतो आणि पिशवीत टाकतो. मी जन्म चिरेखाणीवर काढला. चिऱ्यावर हातोडी ठोकायची, आवाजावरून चांगला की फुटका ते कळतं, की पुढचा चिरा. ह्याचं तसं नाही. भजनातली एकच चाल पेटीवर वाजवायची, तिचे आकडे यंत्रात भरायचे, पहिल्या कार्डावर ऐकवायची. मग यंत्र बंद. झाकणाचे स्क्रू सोडवून वाटीत ठेवायचे, ते कार्ड काढायचं, दुसरं खोचायचं. एक स्क्रू हमखास हिच्या आठळ्यांत जायचा. अर्ध्या तासानं दुसरं वाजेपर्यंत पहिलं कुणाच्या बापाला आठवतंय?

आणि निवाडा करायचा हिनं. "तुमचे कान खाणीत गेले, भावोजी. कान आक्काचा." पाठ करून का बसवतोस, तर म्हणे डोळे मिटले की माणूस झोपतो, पाठ केली की नुसता कान जागा राहतो. ही ऐकायची, मान डोलवायची आणि म्हणायची, "पहिलं गोड वाटतं रे." पुढच्या रविवारी, "आज बाई दुसरं." तो वहीत लिहायचा आणि कपाळ धरून बसायचा. मी ओरडायचो, "मेल्या, चिठ्ठी टाक आणि सोडव आम्हाला!"

एकदा परतीच्या एस्टीत मी हिला विचारलं, "खरंच फरक कळतो का गो?"

ही पदराआड हसली. "कसला फरक? दोन्ही सारखीच पिपाणी. पण ठरलं की त्याच्याकडे जायला निमित्त काय? एकटा जीव. आपण येणार म्हणून रविवारी तरी चूल पेटवतो."

मग ही गेली. ताप आला काय आणि तिसऱ्या दिवशी आटोपलं काय.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. माडावर दहा-बारा बसलेले, खाली एक येईल तर शपथ. मी हात जोडून म्हटलं, वेळेवर जेवीन गो. नाही. विडी सोडतो. नाही. ती मला ओळखून होती. ऊन चढलं. तेवढ्यात हा पुढे झाला, डोळे लाल, आणि मोठ्यानं म्हणाला, "आक्के, पहिलं ठेवतो!" भटजी माझ्या तोंडाकडे बघायला लागले. कावळे ढिम्म. "बरं, दुसरं ठेवतो!" आणि एक कावळा उतरला, भात उचलून गेला.

हा मटकन वाळूत बसला. "ठरलं, भावोजी. आक्कानंच ठरवलं. पहिलं उद्या परत पाठवतो. आता तुम्हाला पण त्रास नाही."

त्रास नाही. मी तरी दुसरं काय मागत होतो? पण घरी आलो तर हिचा रोजचा जेवायचा पाट भिंतीला टेकून उभा होता, आणि मला पुढचा रविवार दिसायला लागला. माझा इथं, त्याचा तिथं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट काखेत मारला आणि निघालो. शेजारीण ओरडली, "अहो, एवढ्यात कुठे बाहेर पडताय?"

म्हटलं, "तिच्या माहेरी."

तो पहिलं कार्ड फडक्यात गुंडाळत होता. मी यंत्राकडे पाठ करून पाट टाकला, बसलो आणि म्हटलं, "कावळ्याला काय कळतं गाण्यातलं? सोड ते फडकं मेल्या. पहिलं लाव."