फिनचा गुडघा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही — पण गप्प बसण्याचीच आता चीड यायला लागली आहे.

२०११ची गोष्ट. आयर्लंडमधल्या ट्रलीच्या हॉस्पिटलात मी हाडांचा डॉक्टर होतो — म्हणजे रजिस्ट्रार, मोठ्या सर्जनच्या हाताखालचा, वर्षानुवर्षं रजिस्ट्रारच. वरची पोस्ट त्याही वर्षी हुकली होती. दिवसभर मान डोलवायची आणि घरी येऊन कुणावर तरी डाफरायचं. अशात फिनचा गुडघा गेला. फिन आमचा लॅब्रॅडॉर. शेजारची बाई वृद्धाश्रमात गेली तेव्हा आमच्याकडे आला, तोच म्हातारा, पांढऱ्या तोंडाचा होऊन.

व्हेटने ऑपरेशन करून प्लेट बसवली आणि बजावलं — दोन महिने बागेपुरतंच फिरवा, तेही पट्टा लावून. तरुण मुलगी होती. ही मला शिकवणार? आमच्याकडे गुडघा बदललेल्या आजीबाईंना दुसऱ्या दिवशी उभं करतात! पाय वापरला नाही तर वाळतो, हे मी रोज पेशंटना ऐकवत होतो. पण कुत्र्याला 'जपून चाल' सांगता येत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. की शिरली होती — आणि मला कुणाचंच ऐकायचं नव्हतं?

ऑपरेशननंतर पंधराएक दिवसांनी, माझ्या सुट्टीच्या दुपारी, बायको ऑफिसात होती, लेक शाळेत. कराडहून आलेली आई जेवून आडवी झाली होती. मी फिनला गाडीत घालून समुद्रावर नेलं. पट्टा काढला. तो थोडा चालला, मग एका सीगलमागे धावला — आणि केकाटत खाली बसला. मी त्याला उचलून आणलं आणि बागेत ठेवलं.

आईला ते घर कोंदट वाटायचं. ऊन पडलं की बागेत उघडणारं मागचं दार ती सताड उघडं टाकायची. त्या दिवशीही ते उघडंच होतं. संध्याकाळी बायकोने विचारलं, हे झालं कसं? मी आईकडे वळलो. "आई, तू दार उघडं ठेवलं होतंस ना?"

एवढंच. खोटंसुद्धा धड बोललो नाही — नुसता प्रश्न विचारला!

आईचा चेहरा उतरला. "व्हय की. उघडंच होतं," ती म्हणाली. लेक कितीतरी दिवस आजीशी बोलली नाही. व्हेटलाही मी तेच सांगितलं. ती उलट धीर देत म्हणाली, "ही विल बी ग्रँड" — होईल तो ठणठणीत.

पुन्हा ऑपरेशन. मग जखम चिघळली, म्हणून प्लेट काढायला तिसरं. आणि फिन? तो दर वेळी उठला. भुलीतून झोकांड्या खात, भादरलेल्या मांडीने घरात शिरायचा आणि आधी माझा हात चाटायचा. मला त्याचा राग यायचा, खरं सांगतो. एकदा तरी चाव ना! आणि आई — कुत्र्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊ न देणारी — आपले दुखरे गुडघे घेऊन जमिनीवर बसायची आणि त्याला हाताने दहीभात भरवायची. मी ते बघायचो. रोज वाटायचं, आज सांगू. का नाही सांगितलं? भित्रा होतो म्हणून. दुसरं काही नाही.

शेवटी फिन लंगडत का होईना, चालायला लागला. आई परत गेली. फोनवर तिचा पहिला प्रश्न त्याच्या पायाचा असायचा. दोनेक वर्षांनी तो म्हातारपणाने गेला. मी कळवलं तेव्हा ती रडली.

"माझ्यापायी लई सोसलं रं त्यानं," म्हणाली. "मुक्या जिवाला पुन्हा पुन्हा कापलं. माझंच चुकलं."

तेव्हा तरी? फोनवर आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "जाऊ दे गं आई. आम्ही कुणी ते मनात ठेवलेलं नाही."

"मोठं मन हाय रं तुझं," ती म्हणाली.

मी ते ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी आई गेली.