खिडक्यांना पडदे असलेलं बॉम्बर

चारकोपच्या नंदकिशोर घाडींना विमान दिसलं, की ते कुठलं हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोणी विचारलेलं नसलं तरी. त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये माधुरीताई हार घालताहेत आणि नवरदेव मंडपाच्या फटीतून आकाशाकडे बघतोय. ते विमान कोणतं होतं, हे घाडी आजही सांगतात. माधुरीताई तो अल्बम बाहेर काढत नाहीत.

गेल्या डिसेंबरात त्यांची पुतणी श्वेता हिच्या लग्नाची बोलणी निघाली. तिला वडील नाहीत, त्यामुळे बोलायचं काकांनीच. मुलगा तिने स्वतःच पसंत केलेला, मुलुंडचा सुयोग परब. त्याचे वडील हर्षद परब यांचा होकार तेवढा बाकी होता.

"काका, त्यांच्या हॉलमध्ये आजोबांचा विमानासोबतचा फोटो आहे," श्वेता गाडीत म्हणाली. "तिकडे बघायचंच नाही. प्लीज ना."

"नाही बघणार."

"बघा हवं तर," माधुरीताई म्हणाल्या. "पण बोलू नका."

फोटो बरोबर सोफ्यासमोर होता, चंदनाचा जाड हार घातलेला. घाडींनी मान खाली घालून पोहे खाल्ले. विषय हर्षदरावांनीच काढला.

"आमचे बाबा, लवू परब. एअरफोर्समध्ये बॉम्बरवर होते. शत्रूची दाणादाण! झेंडावंदनाला हा फोटो आम्ही खुर्चीवर ठेवतो. सोसायटीचे सेक्रेटरी सलाम ठोकतात."

घाडींनी पोहे पुन्हा मागून घेतले. मग बशी ठेवून ते उठले आणि फोटोपाशी गेले. श्वेताने डोळे मिटून घेतले.

"लिबरेटर," घाडी म्हणाले. "चार इंजिनं, शेपटीला दोन गोल उभे पंख. आहे बॉम्बरच."

"मग!" हर्षदराव खूश झाले.

"म्हणजे होतं. हे नाक बघा. इथे काचेच्या घुमटात बंदूकवाला बसायचा. इथे पत्रा ठोकलाय. बाजूला खिडक्या पाडल्यात, चढायला शिडी आहे, आणि खिडक्यांना पडदे. पडदे लावून बॉम्ब कोण टाकणार? महायुद्धानंतर काही बॉम्बर अशी बदलून घेतली, बड्या साहेबांना फिरवायला. उडता दिवाणखाना म्हणा."

"अहो," माधुरीताई म्हणाल्या. उशीर झाला होता.

हर्षदरावांचा चेहरा उतरला. सुयोगने श्वेताकडे पाहिलं. तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारातून रत्नप्रभा आजी, म्हणजे लवू परबांची बायको, काठी टेकत पुढे आली.

"म्हंजे ह्येंनी कोणाक मारूक नाय?"

"या विमानातून तरी नाही, आजी."

"मेल्यान माका फसवल्यान!" आजी खुर्चीत बसली. "दर म्हाळाक मी एक पान जास्त वाढी, बॉमाखाली मेलेल्यांच्या नावान. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, सगळा. त्या पानावर जेवूक कोण बसायचा म्हायत हा? ह्येच! म्हणायचे, पाप माझा, मीच खातंय. आधी आपला पान खायचे, मगे ह्या."

सुयोग आधी हसला. मग आजीच इतकी हसली, की श्वेताने उठून तिला पाणी दिलं. आजीने पेला घेतला, तिचा हात मात्र सोडला नाही.

"पोरगी आमका पसंत हा," ती मुलाला म्हणाली. "तू काय ता बोल."

हर्षदराव अजून फोटोकडेच बघत होते. "घाडीसाहेब," त्यांनी हळूच विचारलं, "मग बाबा या विमानात नेमकं करायचे काय?"

घाडी पुन्हा फोटोवर वाकले. हाराच्या मण्यांखाली लवू परबांचा उजवा हात अर्धवट झाकला गेला होता. त्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये चार कप, एक किटली.

श्वेता काकांकडे बघत होती.

"फोटो जुना आहे," घाडी म्हणाले. "तेवढं स्पष्ट दिसत नाही."

साखरपुडा वैशाखात ठरला.