बघायचे दोन रुपये

डोंबिवलीची आमची जुनी इमारत सकाळी आठनंतर रिकामी व्हायची. बहुतेक घरांत नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलं शाळेत, आणि दाराला कुलूप. दिवसभर घरी असायचे ते दोघंच. तळमजल्यावर आमच्या सासूबाई आणि दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळी इमारत सर म्हणायची.

सुरुवात झाली ती गॅसच्या सिलिंडरपासून. आमच्या समोरच्या घरातली बाई नर्स होती. तिची ड्यूटी बदलती, नवरा फिरतीवर. सिलिंडर यायचा आणि कुलूप बघून परत जायचा. एका रविवारी ती भिजवलेल्या डाळीचं पातेलं घेऊन आमच्याकडे आली आणि कुकर लावू का म्हणून विचारलं. सासूबाईंनी कुकर लावून दिला आणि म्हणाल्या, "किल्ली ठेवून जा माझ्याकडे. सील बघून घेईन सिलिंडर."

तिने किल्ली ठेवली. सिलिंडर आला, तशी ती पेढे घेऊन आली. पुढच्या वेळी डझनभर हापूस. दिवाळीत साडी. त्यानंतर मात्र तिने सांगणंच बंद केलं. पुन्हा सिलिंडर परत जायला लागला. सासूबाईंनी तिला दारातच गाठून विचारलं, तर म्हणाली, "काकू, किती वेळा त्रास देणार तुम्हाला? बरं नाही वाटत."

त्या दिवशी सासूबाईंनी दर ठरवला. कुठलंही काम, दोन रुपये.

माझ्या नवऱ्याला ते आवडलं नाही. "आई, दोन रुपयांसाठी लोकांची कामं करणार तू?"

"दोन रुपयांसाठी कोण करतंय?" त्या म्हणाल्या. "फुकट केलं की लोकांना ओझं होतं. दोन रुपये दिले की हक्काने सांगतात."

सोसायटीच्या फळ्यावर त्यांनी स्वतः खडूने लिहिलं, 'किरकोळ कामे करून मिळतील. तळमजला.' सेक्रेटरींनी संध्याकाळी ते पुसलं, सोसायटीचा फळा खाजगी जाहिरातीसाठी नाही म्हणून. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी फ्रिजवाला येणार होता आणि घरी कोणी नव्हतं. सकाळी किल्ली घेऊन ते स्वतःच आमच्या दारात उभे. सासूबाईंनी फळ्याचा विषय काढला नाही. हात पुढे केला आणि किल्ली घेतली.

हळूहळू आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे किल्ल्यांची रांग लागली. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची लोकर बांधलेली. दुपारी पाणी आलं की पिंपं भरायची. गॅलरीतले कपडे आत घ्यायचे. शाळेतून आलेल्या पोरांना दार उघडून द्यायचं. अर्ध्या वाटेवरून फोन यायचे, "काकू, छोले भिजत घालायचे राहिले हो." आणि सगळ्यांत जास्त फोन असायचे ते संशयाचे. गिझर चालू राहिला का, इस्त्री बंद केली का, कुलूप नीट लागलंय ना. बहुतेक वेळा सगळं जागच्या जागी असायचं. तरी त्या जिना चढून जायच्या, बघायच्या आणि फोन करून सांगायच्या, "बंद आहे. कामाला लाग." त्याचेही दोन रुपये. बघायचे.

मी कधी कधी उत्सुकतेने विचारायची, अमक्यांचं घर आतून कसं आहे. त्या म्हणायच्या, "गिझर कुठे आहे तेवढं मला माहीत आहे." कोणाच्या घरात काय दिसलं हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. इतक्या किल्ल्या त्यांच्याकडे टिकल्या त्या त्यामुळेच असाव्यात.

सरांच्या पत्नी पूर्वीच गेलेल्या. एके दिवशी त्यांनी सासूबाईंना वर बोलावून घेतलं. गुडघ्यांमुळे ते खाली उतरत नसत. तेव्हा मी सुट्टीवर होते, सोबत गेले.

"वहिनी, माझंही एक काम आहे," सर म्हणाले. "पण घरात काही करायचं नाही."

"मग?"

"रोज सकाळी अकराच्या सुमारास माझी बेल वाजवायची. मी ओ दिली की परत जायचं. मुलगी कल्याणला असते, ती संध्याकाळी फोन करते. पण सकाळी बाथरूममध्ये वगैरे काही झालं तर संध्याकाळपर्यंत कळायचं नाही कोणाला."

सासूबाईंनी मान हलवली. "किल्ली देऊन ठेवा. बघायचे दोन रुपये."

"महिन्याचे एकदम देऊ का?"

"नको. रोजचे रोज द्या."

मला ते जरा विचित्र वाटलं. रोज सुट्टे कुठून आणायचे त्या माणसाने? खाली उतरताना मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "महिन्याचे घेतले तर ते आतूनच ओ देतील. रोज द्यायचे म्हटलं की दारापर्यंत यावं लागेल. दाढी केलीय का, काही खाल्लंय का, चेहऱ्यावरून कळतं."

असं कितीतरी दिवस चाललं. बेल वाजायची, सर दार उघडून नाणं पुढे करायचे. दोन शब्द व्हायचे, कधी भाजी काय केली, कधी गुडघा कसा आहे. सासूबाई कधी आत गेल्या नाहीत, सरांनीही कधी तसा आग्रह धरला नाही.

मग एका सकाळी, आम्ही सगळे बाहेर पडल्यावर, सासूबाईंना स्वयंपाकघरात चक्कर आली आणि त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना, फोन बाहेरच्या खोलीत. कितीतरी किल्ल्या दारामागे लटकत होत्या, पण आमच्या घराची किल्ली मात्र इमारतीत कोणाकडेच नव्हती. तसा विचारच कधी आमच्या मनात आला नव्हता.

अकरा वाजून गेले आणि बेल वाजली नाही. सरांनी वाट पाहिली. मग फोन केला, तो नुसता वाजत राहिला. तेव्हा ते काठी घेऊन बाहेर पडले. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, दोन मजले उतरून आमच्या दाराशी आले आणि काठीने दार ठोठावलं.

"वहिनी, आहात का?"

आतून आवाज आला, "आहे. पण पडलेय. दार उघडता येत नाही मला."

सरांनी मला ऑफिसात फोन केला. त्यांचा आवाज इतका शांत होता की मला आधी काही कळलंच नाही. मी लगेच निघाले, पण पोहोचायला दीड तास तरी लागणार होता. तोवर फाटकाजवळचा इस्त्रीवाला स्टेशनजवळच्या किल्लीवाल्याला आणायला सायकलवर गेला. आणि सर आमच्या दाराबाहेर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिले.

त्या वेळात ते काय बोलले ते सासूबाईंनी मला नंतर हॉस्पिटलात सांगितलं.

"मी विचारलं की ओ द्यायची वहिनी," सर बाहेरून म्हणाले. "नाही दिलीत तर दार फोडेन."

"तुम्ही? तुमच्याच्याने जिना उतरवत नाही."

"आज उतरलो ना."

मग त्यांनी विचारलं, आज काय करणार होतात? आंबोळ्या, सासूबाई म्हणाल्या. पीठ कसं करता? तांदूळ किती, उडीद किती, मेथी घालता का? वेदनेने त्यांचे डोळे मिटत होते, पण सर थांबू देईनात. तवा कोणता वापरता, पहिली आंबोळी चिकटते का, गावाकडे सोबत काय असायचं. सासूबाई म्हणाल्या, "आयुष्यात कोणी मला इतकं खोदून खोदून आंबोळ्यांचं विचारलं नव्हतं. चिडले मी शेवटी. पण जागी राहिले."

किल्लीवाल्याने दार उघडलं. मी पोहोचले तेव्हा त्या स्ट्रेचरवर होत्या, आणि सर भिंतीला धरून उभे होते. वर कसं जायचं हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला असावा. इस्त्रीवाल्याने आणि किल्लीवाल्याने मिळून त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं.

ऑपरेशननंतर सासूबाई घरी आल्या, तेव्हा नर्सबाईंनी सरांना आधार देऊन खाली आणलं. सासूबाईंनी उशीखालून दोन रुपयांचं नाणं काढलं. "तुमचे. बघायचे."

सरांनी नाण्याकडे पाहिलं. "पाच होतील. मध्ये जिना आहे."

सासूबाई हसल्या आणि त्यांनी मला पर्समधून आणखी तीन काढायला लावले. सरांनी ते मोजून खिशात टाकले.

आपल्याला आता चढ-उतार जमणार नाही, लोक किल्ल्या परत मागतील, असं सासूबाईंना वाटत होतं. तसं झालं नाही. सिलिंडरवाला आमच्याच दारात सिलिंडर ठेवू लागला आणि संध्याकाळी ज्याचा तो घेऊन जाऊ लागला. आमची किल्ली नर्सबाईंकडे गेली.

काही वर्षांनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. ज्याने त्याने आपापली भाड्याची जागा शोधली. सर मुलीकडे कल्याणला गेले आणि तिथेच, वर्षभरात, झोपेत गेले. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा रोज सकाळी दाढी करून बसायचे. कोणी येणार आहे का विचारलं, तर म्हणायचे, सवय आहे."

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला आलो, चौदाव्या मजल्यावर. इथे गॅस नळातून येतो, पार्सलं गेटवर राहतात, गिझर मोबाइलवरून बंद होतो. सासूबाई महिनोन्महिने खिडकीशी बसून खालचं ट्रॅफिक बघत राहिल्या. आपण निरुपयोगी झालो असं त्या बोलल्या नाहीत, पण जेवण कमी झालं होतं.

शेजारी एक तरुण आई राहते. बाळ लहान, काम घरूनच. एकदा लिफ्टमध्ये रडकुंडीला येऊन ती मला म्हणाली, की मीटिंगमध्ये असताना बाळ उठेल या धास्तीने तिचं लक्षच लागत नाही. वॉकर घेऊन सोबत उभ्या असलेल्या सासूबाईंनी ते ऐकलं.

"मी बसेन त्याच्यापाशी. उठला तर सांगेन," त्या म्हणाल्या. "दहा रुपये. इथे महागाई जास्त आहे."

ती मुलगी आधी गोंधळली, मग हसली आणि हो म्हणाली. आता रोज दुपारी सासूबाई वॉकर टेकत शेजारी जातात. काल मी त्यांना जेवायला बोलवायला गेले. पाळण्याशेजारी ताठ बसल्या होत्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"हळू बोल," त्या कुजबुजल्या. "मी कामावर आहे."