साळूबाईचा अभिप्राय

आमच्या वाचनालयात एक नियम होता आणि तो काढणाऱ्या चिटणीसांना मी रोज मनातल्या मनात दोन शिव्या हासडत असे. पुस्तक परत करताना टेबलावरच्या जाड वहीत अभिप्राय लिहायचा, त्याशिवाय दुसरं पुस्तक मिळायचं नाही. महाडच्या बाजारपेठेत एका मसालेवाल्याच्या दुकानावर आमची माडी. कपाटं चार, पुस्तकं आठशेच्या घरात आणि नोकर मी एकटा. लोकांना वाचायला आवडतं, पण मत लिहा म्हटलं की घाम फुटतो. मग जो तो आधीच्याचं बघून लिहायचा, 'पुस्तक मनोरंजक आहे. निसर्गवर्णने सुरेख.' एका बहाद्दरानं लोणच्या-मुरांब्यांच्या पुस्तकावरसुद्धा निसर्गवर्णने सुरेख म्हणून लिहून ठेवलं होतं.

साठ सालच्या पावसाळ्याच्या तोंडाला 'कमळगावचा पाहुणा' नावाची कादंबरी आली आणि ही वही एकदम जिवंत झाली. लेखक कोण ते आता आठवत नाही, आणि आठवून करायचंय काय? कमळगाव म्हणजे नदीकाठचं आपल्या महाडएवढंच गाव. तिथं एक परका डॉक्टर राहायला येतो. गावच्या इनामदाराचा विष घालून खून होतो आणि आळ येतो डॉक्टरवर. आता खून झाला त्या वेळी डॉक्टर घाटाच्या पायरीवर मालविकेशी बोलत बसलेला असतो. मालविका ही तिथल्या हेडमास्तरांची मुलगी. पण ती बोलली तर बापाची अब्रू जाते. म्हणून ती गप्प बसते आणि डॉक्टर तुरुंगात जातो. शेवटच्या प्रकरणात खून मुनिमानं केल्याचं निघतं, डॉक्टर सुटून येतो, तिला क्षमा करतो आणि नदीवर चांदणं पडतं.

आमच्या वाचकांनी ह्यावर पानंच्या पानं भरली. कोर्टातल्या एका वकिलानं लिहिलं की असा पुरावा कोर्टात पाच मिनिटं टिकणार नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं विषाचं प्रमाण चुकलंय म्हणून कळवलं. मुलींच्या शाळेतल्या बाईंनी लिहिलं, 'मालविकेचा संयम प्रत्येक मुलीने गिरवावा असा आहे.' त्याखाली सात जणांनी 'सहमत' लिहून सह्या केल्या. बाकी कशावर एकमत नव्हतं, पण मालविका गप्प राहिली हे फार चांगलं केलं, ह्यावर अख्खं महाड एक होतं. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

साळूबाई आमची एकुलती एक निरक्षर सभासद. उमरठच्या वर डोंगरात सात-आठ उंबऱ्यांची वाडी आहे, तिथून ती बाजाराच्या दिवशी पोलादपूरला उतरायची आणि एस.टी.नं तुपाची बरणी घेऊन महाडला यायची. बाई पन्नाशीची, काटक, एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली. तेव्हापासून भावाच्या घरी. भावाची सून जनी सातवीपर्यंत शिकलेली होती. तिला वाचायला म्हणून साळूबाईनं पहिलं पुस्तक नेलं आणि मग स्वतःच नादी लागली.

दुपारी म्हशी उतारावर सोडल्या की दोघी जांभळीखाली बसायच्या. जनी वाचायची, साळूबाई ऐकायची. खालून दरीतून ढग वर चढत यायचे, समोरचा डोंगर पुसून जायचा, म्हशींच्या घंटा तेवढ्या ऐकू यायच्या. आणि त्या पांढऱ्यात तिला कमळगाव दिसायचं. हे मला जनीनं सांगितलं. वाचून संपलं तरी आत्या उठायची नाही म्हणे. ढग विरला, म्हशी घराकडे वळल्या, तरी तिकडेच बघत राहायची.

महाडला आली की मला विचारायची, "भाऊ, ह्यो कमळगाव घाटावर हाय का आपल्या अंगाला?"

"अहो, गोष्ट आहे ती. असं गाव नसतं."

"नसतं कसं? जनीनं वाचला की." एवढं बोलून ती खाली बाजारात जायची आणि सावित्रीकडे उतरणाऱ्या वाटेवर उभी राहून घाटाच्या पायऱ्या शोधायची. मी खिडकीतून बघत असे. तिचा चेहरा असा व्हायचा की आपणही खाली उतरून शोधावं असं वाटे. मला हसू यायचं आणि मी हसत नसे.

तिचे अभिप्राय ती सांगायची आणि मी लिहायचो. त्यापायी माझी अर्धी दुपार जायची, पण ते वाचायला लोक मुद्दाम माडी चढत. ती बोलते ते वहीतून बाजारात आणि बाजारातून पोलादपूरपर्यंत जातं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. उमरठकडचे लोक कोर्टाच्या कामाला आले की तेही डोकावून जायचे.

मार्गशीर्षात ती 'कमळगावचा पाहुणा' परत घेऊन आली. माडीवर दुसरं कुणी नव्हतं. तरी तिनं जिन्याकडे एकदा बघितलं आणि मग माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"लिवा. मालविका गुन्हेगार हाय. मुनिमानं एक मारला, हिनं गप बसून दुसरा मारला."

मी लिहिलं. मनात म्हटलं, झालं, आता शाळेच्या बाई येऊन माझ्याशी भांडणार.

"आता खाली लिवा, ह्ये मला कसं ठावं. मीबी त्येच केलंय."

माझी लेखणी थांबली. ती थांबली नाही. जमिनीकडे बघत एका सुरात बोलत गेली. तीस वर्षांपूर्वी वाडीतल्या गोमाजी पाटलाची पेंढ्याची उडवी पेटली, वर्षभराचा जनावरांचा चारा गेला. त्याच सकाळी हैबती नावाच्या तरण्या गड्याचं बांधावरून गोमाजीशी भांडण झालं होतं. कुणी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं, म्हणून गावानं देवीला कौल लावला. मूर्तीला दोन बाजूंना कळ्या चिकटवल्या आणि विचारलं, हैबतीनं केलं असेल तर उजवी दे. उजवी कळी पडली. हैबतीला गावकीतून काढलं. तो मुंबईला गेला तो आजतागायत गोदीत आहे. 'माझं नाव धुतल्याशिवाय गावाची माती तुडवणार नाही,' असं म्हणून गेला होता.

"दिवेलागणीला उडवी पेटली तवा त्यो माझ्यासंगं वहाळाच्या पाण्याकडंला बसला होता. नुसता बोलत होता. हात बी धरला नव्हता. कौल लावला तवा मी बायकांत बसलेली. समद्यांनी देवीला इचारलं. मला कुणी इचारलं नाय. आन् मी आपणहून बोलले नाय. त्याची भैन राही अजून वाडीत हाय. तिच्या दारात कुणी हळदी-कुकवाला जात नाय. ह्ये समदं लिवा, नाव घालून. माझं बी, त्याचं बी. तोंडानं सांगायला गेले की माझी जीभ उचलत नाय. वहीत असंल तर जाईल वाडीत आपसूक."

मी लेखणी धरून बसलो. आता मी काय केलं ते सांगतो, लपवून तरी कुणापासून लपवणार! मी भ्यालो. चिटणीस काय म्हणतील, बाजार काय म्हणेल, ह्या बाईला उद्या कुत्रं विचारणार नाही. असं पन्नास वेळा मनाशी घोळवलं आणि आपण हिचं भलंच करतोय अशी समजूत घालून घेतली. आधी लिहिलेली दोन वाक्यं खोडली. खाली लिहिलं, 'कादंबरी मनोरंजक आहे. निसर्गवर्णने सुरेख. श्रीमती साळूबाई, मु. उमरठ.'

"वाचून दावा."

मी कागदाकडे बघत तिचं सगळं तिच्याच शब्दांत घडाघडा म्हणून दाखवलं. उडवी, कौल, वहाळ, सगळं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. उठली तेव्हा जिना उतरताना तिनं कठड्याला हातसुद्धा लावला नाही.

पुढचे चार महिने साळूबाई जमिनीवर नव्हती. तिला वाटलं, गावाला कळलं. कुणी बोलत नाही म्हणजे गावानं पोटात घातलं. पौषात राहीबाईनं तिला सूपभर पावट्याच्या शेंगा दिल्या. राहीबाई शेंगा सगळ्यांनाच द्यायची, घेत मात्र कुणी नसे. साळूबाईला वाटलं, ही क्षमाच आली दारात. त्या शेंगा तिनं चार दिवस शिजवल्या नाहीत, नुसत्या उशाशी ठेवल्या. शिमग्याला देवीची पालखी दारोदार फिरली, ती तिच्या अंगणात जरा जास्त वेळ नाचली. भोयांना बहुतेक चढली असावी. पण साळूबाई म्हणे, देवीनं चूक कबूल केली. बाजाराला आली की ती माझ्यासाठी द्रोणभर लोणी आणायची. सकाळच्या धुक्यातून एस.टी. उतरते तेव्हा गावं कशी पाण्यात बुडाल्यागत दिसतात, आपणच तेवढ्या वर तरंगतो, असलं काहीतरी सांगायची. तिचा आवाज तरण्या पोरीसारखा झाला होता. आणि मी ते लोणी खात होतो!

चैत्रात एका दुपारी तिघी माडी चढून आल्या. पुढे साळूबाई, मागे जनी आणि तिच्यामागे दम लागलेली एक म्हातारी. कुणी न सांगताच मी ओळखलं, ही राहीबाई. पाणवठ्यावर साळूबाईनं तिचे पाय धरले होते, 'राही, तुझं मन मोठं गो,' म्हणून. राहीबाईनं विचारलं होतं, कशापायी? साळूबाईच्या तोंडून पुढे शब्द फुटेना. तेव्हा ती म्हणाली होती, चल महाडला, वहीत लिवलंय, ऐक.

"जने, वाच," साळूबाई म्हणाली.

मी वहीवर हात ठेवला. "मी वाचतो."

"नको. तुमी कशाला? ती हाय ना."

जनीनं पान काढलं. वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आत्ये, हितं निराळंच हाय. कादंबरी मनोरंजक हाय, निसर्गवर्णनं सुरेख. एवढंच."

साळूबाई माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "बाई, तुमच्या नावासाठी केलं मी. बदनामी झाली असती तुमची." शब्द बाहेर पडताच माझे मलाच कळले. हेच तर मालविकेचं वाक्य, फक्त बापाच्या जागी साळूबाई.

"म्हंजे भाऊ, तुमी बी गप बसलाव," ती म्हणाली.

मग ती राहीबाईकडे वळली. जी जीभ तीस वर्षं उचलत नव्हती तिनं तिथं, माझ्या टेबलाला धरून, सगळं सांगितलं. वहाळ, उडवी, कौल. राहीबाई खाली बसली. तिनं साळूबाईला शिवी दिली नाही आणि जवळही घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "ह्ये गावकीत सांगशील?"

"सांगंन."

"मग आदी हैबतीला लिवा," राहीबाई मला म्हणाली. मी कार्ड काढलं आणि साळूबाईनं सांगितलं तसं लिहिलं. पाठवणाऱ्याचा पत्ता वाचनालयाचाच घातला.

आठवड्यानं वाडीत देवीपुढं गावकी बसली. तिथलं मी जनीकडून ऐकलं. गोमाजी कधीच वारला होता, त्याचा मुलगा महिपती पुढे बसलेला. साळूबाई सगळ्यांसमोर उभी राहून बोलली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. महिपतीनं मान खाली घालून, हैबती गावकीत परत आला, असं जाहीर केलं. घरी गेल्यावर भावानं साळूबाईची चूल वेगळी केली आणि तिच्याशी बोलणं टाकलं. राहीबाईच्या दारात बायका जायला लागल्या आणि साळूबाईकडे जायच्या बंद झाल्या.

हैबतीचं उत्तर आलं ते ह्यानंतर. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड होतं. बाजाराच्या दिवशी साळूबाई आणि राहीबाई दोघी आल्या. साळूबाई ह्या वेळी खाली बसली नाही, उभी राहूनच ऐकत होती. मी वाचलं.

'राहीस आशीर्वाद. साळूने कळवले ते पोचले. मी कुठे होतो ते मला तेव्हाही ठाऊक होते. गावासमोर बोललो असतो तर सुटलो असतो, पण तिचे नाव गेले असते, म्हणून बोललो नाही. आता तिने गावात सांगू नये. तिला तिथेच राहायचे आहे. इतकी वर्षे गेली तशी राहिलेली जातील.'

साळूबाईनं ते दोनदा वाचून घेतलं. राहीबाई भिंतीला डोकं टेकून रडत होती. खाली बाजारात मिरच्या कांडत होते, ठसका वरपर्यंत येत होता.

"भाऊ, कार्ड हाय का?" साळूबाईनं विचारलं.

मी काढलं आणि लेखणी दौतीत बुडवली.

"लिवा. गावात सांगून झालं. नाव जायाचं होतं त्ये गेलं. आता तू ये."