धुतलेला चंडोल

कोणाचेही नाव विचारण्याआधी गडदे सर त्याचे पाय पाहत. आठवीच्या वर्गात नवा मुलगा आला की त्यांची नजर आधी त्याच्या टाचांकडे जाई. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी यातून सूट दिली नव्हती. "तोंड रंगवता येतंय, पाय न्हाई," असे ते म्हणत. पाखरांच्या बाबतीतही हाच शिरस्ता. माळावरचे एखादे पाखरू दाखवून आम्ही त्याचा रंग वर्णू लागलो की ते मध्येच तोडत, "रंग ऱ्हाऊ दे. मागच्या बोटाची नखी कशी हाय ते सांग."

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गावच्या सोसायटीच्या विद्यमान चेअरमननी सरांवर लेख लिहिला आहे. बहात्तरच्या दुष्काळात सरांनी एका नव्या पक्ष्याचा शोध लावला आणि मुंबईच्या विद्वानांनी तो परस्पर लाटला, असे त्यात म्हटले आहे. गावात दुसरीही एक कथा चालते. त्या पक्ष्याला माझे नाव मिळणार होते, ते सरांच्या डोळ्यांत सलले, म्हणून त्यांनी मोडता घातला, अशी ती कथा. यातली पहिली गोष्ट खोटी आहे आणि दुसरी नीच आहे. मी त्या प्रसंगी हजर होतो. लेखक महाशय तेव्हा पाळण्यात होते.

आमचे गाव केजहून तेलगावकडे जाणाऱ्या वाटेवरचे. शाळेत मी भूगोल शिकवीत असे आणि गडदे सर जीवशास्त्र. ते मेंढपाळाच्या घरचे. वडिलांच्या कळपामागे बालाघाटचे डोंगर पायी तुडवून मग शिकलेले. बी. एस्सी. झाले तरी बोली त्यांनी बदलली नाही. पक्ष्यांची शास्त्रीय नावे ते वर्गात अशी शिकवीत: "दुष्काळी कामाच्या मस्टरवर कसं लिहितेत? आडनाव आधी, नाव मागून. शास्त्रात बी तसंच. आडनावावरून घराणं कळतंय, नावावरून मानूस. आन् एकदा बारसं झालं की झालं. पुन्हा दुसरं बारसं न्हाई." हा शेवटचा नियम सांगताना ते टेबलावर बोट आपटत. आधी ठेवलेले नाव खरे. मागून आलेला कितीही मोठा असो, त्याने ते मान्य करायचे.

त्या वर्षी गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचे काम निघाले होते. सारा डोंगर लाल मुरमाचा. माणसे खणत, बाया पाट्या वाहत, आणि तांबड्या धुरळ्यात दिवस मावळे. त्या बांधावर मला उन्हाने मेलेला एक चंडोल सापडला. चिमणीएवढा, डोक्यावर टोकदार तुरा, आणि पोट असे तांबडे की मी कधी पाहिले नव्हते. मी तो रुमालात गुंडाळून सरांकडे नेला. त्यांनी पाय पाहिले, चोच मोजली, आणि पुन्हा पायांकडे वळले.

"पाय तर आपल्या माळावरच्या चंडोलाचेच हाईत," शेवटी ते म्हणाले. "रंग तेवढा येगळा."

"म्हणजे नवी जात?"

"असली तर नाव तुझं लागंल. सापडला तुला, मी ठेवीन. आपलं नाव आपनच ठेवायची रीत न्हाई. शिनगारेच्या मागं एक 'ई' लावायची, 'शिनगारेई'. जगात कुठं बी गेलास तरी तेच." आणि लगेच पुढे म्हणाले, "असली तर."

ते 'असली तर' माझ्याखेरीज कोणी ऐकले नाही. सरांनी पक्ष्याची कातडी सोडवून आत सरकी काढलेला कापूस भरला, आणि मुंबईला धाडण्यासाठी एक लाकडी पेटीही करून घेतली. बातमी सोसायटीचे तेव्हाचे चेअरमन अण्णा यांच्यापर्यंत पोहोचली. शाळेची समितीही त्यांच्याच हातात होती. अण्णांनी ठरवून टाकले की सोसायटीच्या वार्षिक सभेत पक्षी लोकांना दाखवायचा आणि माझा सत्कार करायचा. शाल केजहून आली. मी खोटे कशाला सांगू, त्या दिवसांत मी रस्त्याने चालताना ताठ चालत होतो, आणि आजही त्यात मला काही वावगे वाटत नाही. ज्या मुलखाचे नाव टँकरच्या यादीतच तेवढे येत होते, त्या मुलखातल्या माणसाचे नाव एका पाखराला लागणार होते.

सभेच्या आदल्या दुपारी सर माझ्या दारात उभे राहिले.

"शिनगारे, एक तांब्या पानी दे बे. शाळेतला रांजन कोरडा पडलाय."

टँकर दोन दिवस आला नव्हता. माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले, मग सरांकडे पाहिले. "प्यायला का, भावजी?"

"न्हाई वहिनी. पाखराला आंघोळ घालायचीय."

"आमी मानसं बिनआंघोळीची बसलोय," ती म्हणाली. पण तांब्या तिने भरूनच दिला.

तो तांब्या घेऊन मी त्यांच्यामागे प्रयोगशाळेत गेलो. वाटेत ते म्हणाले, "सकाळी बांधावर गेलतो. चंडोल पान्यात न्हात न्हाईत, मातीत लोळतेत. तिथं समदे मुरमात लोळायलेत, आन् धुवायला पाऊस न्हाई. कामावरनं येनाऱ्या बाया बघ. समद्या एका रंगाच्या. म्हनून काय एका जातीच्या झाल्या का?"

त्यांनी बशीत रिठ्याचा फेस केला आणि कापसाच्या बोळ्याने पक्ष्याचे पोट हलक्या हाताने, पिसाच्या दिशेने, पुसत गेले. फेस तांबडा झाला. दुसऱ्या बोळ्याने फिका झाला, तिसऱ्याने पांढराच राहिला. वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालून त्यांनी पिसे वाळवली, आणि माझ्यासमोर आमच्या माळावरचा रोजचा, फिकट भगव्या पोटाचा चंडोल पडला होता. बशीतल्या गढूळ पाण्यात माझे नाव होते.

"सर, उद्या सभा हाय," मी म्हणालो. "एक दिवस थांबला असता."

"उद्या सभा हाय म्हनूनच आज धुतला," ते म्हणाले. "धुतल्यावर उरंल त्याला नाव द्यावं, शिनगारे. धुरळ्याला देऊ नये."

सभेआधी आम्ही दोघांनी अण्णांना हे सांगितले. त्यांनी सरांना बाजूला घेतले, पण मला ऐकू येईल इतके जवळ. "कावून खोडा घालताव, गडदे? शाल आलीय, मानसं जमलीत. आन् तुमी अजून कायम न्हाईत, ध्यानात हाय ना?"

"ध्यानात हाय," सर म्हणाले, आणि पक्षी हातात घेऊन उभे राहिले. सभेला त्यांनी सारे सांगितले: मुरूम, धुरळा, रिठे. "ह्याचं बारसं लई आधीच झालंय. आडनाव गॅलेरिडा, नाव देवा. आता तुमीच सांगा. देवाचं नाव काढून शिनगारेचं ठेवायचं का?"

मागून कोणीतरी म्हणाले, "शिनगारेला चालतंय. देवाला इचारा." सभा हसली. मीही हसलो, जरा उशिराने.

अण्णा शालीकडे पाहत राहिले. तेव्हा सर म्हणाले, "शाल शिनगारेलाच द्या. पाखरू धुवायला पानी त्याच्या घरचं होतं. ह्या सालात एवढं कोन देतंय?"

ती शाल मला मिळाली. नव्या पक्ष्यासाठी नव्हे, एक तांब्या पाण्यासाठी. असा सत्कार झालेला दुसरा माणूस या जिल्ह्यात असेल तर त्याने पुढे यावे. स्मरणिकेतल्या लेखाचे खंडन एवढ्यानेच व्हावे. मुंबईच्या कोणी काही लाटले नाही, कारण पेटी आमच्या शाळेबाहेर कधी गेलीच नाही. आणि सरांनी माझे नाव हिसकावले नाही. नव्हते ते नाव त्यांनी मला मिरवू दिले नाही, आणि होते ते सबंध सभेसमोर मला दिले. सरांना कायम करण्याचा ठराव अण्णांनी पुढे वर्षभर अडकवला. शाळेच्या समितीपुढे शिक्षकांच्या वतीने तो मांडला मी आणि भांडून मंजूर करवला मी. त्यात उपकार नव्हते. फेड होती, आणि तीही अपुरी.

निवृत्तीनंतर सर परळीला मुलाकडे राहत. ते गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पहिल्या गाडीने निघालो. पोहोचलो तेव्हा अंगणात त्यांना आंघोळ घालण्याची तयारी चालली होती. सगळे चेहऱ्याकडे पाहत होते. मी पायांशी बसलो. परळीच्या वीजकेंद्राची पत्र्यावर साचलेली राख वाऱ्याने सारखी खाली येत होती आणि पायांवर तिचा करडा थर बसला होता. मुलाच्या हातातला तांब्या मी मागून घेतला आणि पाणी घातले. राख वाहून गेली. खाली बालाघाट तुडवलेल्या त्याच भेगा होत्या, मी ओळखत होतो तेच पाय.